छोटा खंड्या हे खंड्याचं पिल्लू नव्हे

आजोळच्या मळ्यात एक अर्धवट बांधलेली विहीर होती. वरचे चार-पाच हात दगडी चिरे, खाली कच्चा मुरूम. पंपाच्या खोलीकडे जाणाऱ्या वायरवर रोज एक लाल चोचीचा, निळ्या पाठीचा पक्षी बसलेला असायचा. आजोबा म्हणायचे, ‘तो खंड्या.’ मळ्याच्या खालच्या अंगाला ओढा होता. तिथे तसाच निळा, पण चिमणीएवढा पक्षी दिसायचा. ‘आणि हा?’ ‘ते त्याचं पोर रे. मोठं झालं की येईल वर विहिरीवर.’ आजोबांना वाऱ्यावरून पाऊस कळायचा, दातांवरून बैलाचं वय कळायचं, त्यामुळे शंका घ्यायचं मला काही कारण नव्हतं. ते ‘पोर’ पुढची सात-आठ वर्षं तेवढंच राहिलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आता दर हिवाळ्यात मी नव्या मंडळींना घेऊन पुण्याच्या आसपासच्या पाणवठ्यांवर जातो आणि दर खेपेला कुणीतरी हेच विचारतं: ‘हे त्याचं पिल्लू का?’ नाही. खंड्याची पिल्लं बिळातून बाहेर येतात तेव्हाच अंगाने जवळपास आईबापांएवढी झालेली असतात. उडणारा छोटा निळा पक्षी दिसला, तर तो आपल्या जागी पूर्ण वाढलेला, वेगळ्याच जातीचा गृहस्थ असतो.

भारतात खंड्याच्या बाराएक जाती आहेत. त्या सगळ्या एका दमात शिकायला जाऊ नका. हे दोन पक्के करा. हे दोघे गावात, शहरात, कालव्यावर, कुठेही भेटतात आणि त्यांच्यातला फरक एकदा डोळ्यात बसला की बाकीचे आपोआप वेगळे दिसू लागतात.

आधी नावांचा घोळ निस्तरू

मोठा तो नुसता ‘खंड्या’. काही ठिकाणी त्याला ‘किलकिल्या’ही म्हणतात. इंग्रजी यादीत तो व्हाइट-थ्रोटेड किंगफिशर, जुन्या पुस्तकांत व्हाइट-ब्रेस्टेड. शास्त्रीय नाव हॅल्सिऑन स्मिर्नेन्सिस. स्मिर्ना म्हणजे तुर्कस्तानातलं आजचं इझमीर. तुर्कस्तानापासून थेट आग्नेय आशियापर्यंत हा पक्षी आहे. पश्चिम बंगालचा राज्यपक्षीही हाच.

छोटा तो ‘छोटा खंड्या’ किंवा ‘धीवर’. धीवर म्हणजे कोळी, आणि हे नाव त्याला अगदी शोभतं. इंग्रजीत कॉमन किंगफिशर, जुन्या पुस्तकांत स्मॉल ब्लू. शास्त्रीय नाव अल्सेडो अ‍ॅथिस. युरोपपासून जपानपर्यंत पसरलेला. युरोपातले लोक नुसतं ‘किंगफिशर’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यापुढे हा असतो, आपला विहिरीवरचा नव्हे. परदेशी माहितीपट पाहून बाहेर पडणाऱ्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो.

एक गंमत सांगतो. लिनियसने 1758 मध्ये या छोट्याला नाव दिलं ते ‘ग्रॅक्युला अ‍ॅथिस’. ग्रॅक्युला ही आज डोंगरी मैनेची प्रजाती आहे. सगळ्या सृष्टीची वर्गवारी करायला निघालेला माणूस जर खंड्याला मैनेच्या घरात बसवू शकतो, तर पुण्याजवळच्या कवडीपाटाच्या पाणवठ्यावर पहिल्या दिवशी तुमचं काही चुकलं म्हणून लाजायचं कारण नाही.

नोंद करताना मात्र ‘किंगफिशर’ एवढंच लिहू नका. कोणता, ते लिहा.

बाहेर पडण्यापूर्वी

फार काही लागत नाही. 8×42 ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरे. त्याहून जास्त शक्तीची घेतली तर हात हलतो आणि छोटा खंड्या चौकटीत सापडेपर्यंत उडून गेलेला असतो. खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल. पेन नको, दवाने शाई फुटते. कॅमेरा असेल तर असू द्या, पण पहिले तीन-चार दिवस तो गाडीत ठेवून या. कॅमेरा हातात असला की माणूस पक्षी बघत नाही, फोटो बघतो.

वेळ सूर्योदयानंतरची, पहिले दोन तास. सूर्य पाठीशी राहील असं उभं राहा. उन्हाकडे तोंड करून बघितलं तर सगळेच खंड्या काळे दिसतात.

जागा? पुणेकरांना सोलापूर रस्त्यावरचा, लोणी काळभोरच्या अलीकडचा कवडीपाट सोयीचा. जुना बंधारा आहे, मुळा-मुठेचं पाणी फेसाळ आणि घाण आहे, नाकाला रुमाल लावावा लागतो, पण पक्षी भरपूर. पाषाण तलावही चालेल. मुंबईकरांना पवई, नाशिककरांना नांदूर मध्यमेश्वर, कोल्हापूरकरांना रंकाळा. पण खरं सांगू का, तुमच्या गावाबाहेरचा ओढ्यावरचा सिमेंटचा बंधारा याहून बरा. तिथे तुम्हाला रोज जाता येईल, आणि खंड्या ज्याच्या त्याच्या ठरलेल्या फांदीवर बसणारा पक्षी आहे. तोच पक्षी, तीच फांदी, दहा दिवस. एवढ्यात जे शिकाल ते दहा ठिकाणं हिंडून शिकणार नाही.

पहिली पायरी: कशाएवढा?

मोजपट्टी मनात ठेवू नका, ओळखीचे पक्षी ठेवा. खंड्या साळुंकीहून थोडा मोठा, साधारण 28 सेंटीमीटर. छोटा खंड्या 16-17 सेंटीमीटर, म्हणजे चिमणीच्या आसपास. त्यातही जवळजवळ चार सेंटीमीटर नुसती चोच. चोच वजा केली तर हा चिमणीपेक्षाही आखूड, मानेचा पत्ता नसलेला, शेपूट कुणीतरी कापून टाकल्यासारखा गोळा आहे. वजनात तर फारच तफावत. छोटा तिसाएक ग्रॅमचा, मोठा त्याच्या तिप्पट.

पाण्यावर मात्र अंतराचा अंदाज फसतो. एकटा पक्षी पलीकडच्या काठावर बसला असेल तर तो साळुंकीएवढा की चिमणीएवढा हे सांगणं अवघड जातं. अशा वेळी तो ज्यावर बसलाय ते बघा. बाभळीचा काटा, पाणकणसाचं पातं, विटेचा तुकडा. वीट केवढी असते हे आपल्याला ठाऊक असतं. माझ्याबरोबर येणारे एक निवृत्त गवंडीकाका आहेत, ते कुठलाही पक्षी विटांतच मोजतात. ‘पाऊण वीट’ म्हणजे छोटा खंड्या, ‘वीट आणि वर दोन बोटं’ म्हणजे मोठा. अजून चुकलेले मी पाहिले नाहीत.

दुसरी पायरी: पाठ सोडा, पोट बघा

सगळे नवखे निळ्या रंगाला भुलतात. ‘निळा होता हो, एकदम निळा!’ असतोच. दोघांचीही पाठ निळी असते. निळ्यावरून काहीच ठरत नाही.

शिवाय हा निळा रंग बेभरवशाचा आहे. खंड्याच्या पिसात निळं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या बारीक तंतूंच्या आत स्पंजासारखी सूक्ष्म रचना असते, तिच्यावर उजेड पडून निळा-हिरवा भाग तेवढा परत फिरतो. म्हणून उजेड बदलला की रंग बदलतो. सकाळी समोरून उन्हात छोट्या खंड्याची पाठ विजेसारखी निळी दिसते. ढगाळ दुपारी तोच पक्षी शेवाळी हिरवा वाटतो. नारिंगी आणि तपकिरी रंगाचं तसं नाही. तिथे खरं रंगद्रव्य आहे, सावलीतही तो आपला रंग राखतो. म्हणून ओळख पोटावरून ठरवायची.

छोट्याचं पोट नारिंगी, गाजराच्या आणि विटकरीच्या मधलं. मोठ्याचं पोट गडद तपकिरी, चॉकलेटी. आणि त्या चॉकलेटी अंगावर गळ्यापासून छातीपर्यंत पांढराशुभ्र रुमाल बांधल्यासारखा. लहान मुलाला जेवताना गळ्यात फडकं बांधतात ना, तसा. हे फडकं लांबूनही चमकतं.

इथे एक फसवा खड्डा आहे. छोट्याचाही गळा पांढरा असतो, आणि मानेच्या बाजूला एक पांढरा ठिपकाही. नावात ‘पांढऱ्या गळ्याचा’ आहे म्हणून पांढरा गळा दिसला की लोक ताबडतोब मोठा खंड्या ठोकून देतात. फरक असा: छोट्याचा पांढरा भाग हनुवटीखाली संपतो आणि लगेच नारिंगी सुरू होतं. मोठ्याचा पांढरा पार छातीवर उतरतो.

डोकंही बघा. मोठ्याचं डोकं पोटासारखंच चॉकलेटी, एकसंध. छोट्याच्या डोक्यावर निळ्यात फिकट ठिपक्यांच्या बारीक ओळी, आणि डोळ्यामागे, कानाच्या जागी, नारिंगी पट्टा. हा कानाचा नारिंगी पट्टा लक्षात ठेवा. गोव्याच्या आणि दक्षिणेकडच्या सह्याद्रीच्या दाट जंगलातल्या ओढ्यांवर याचा एक भाऊ राहतो, त्याचे कान निळे असतात. तिथे गेलात तर उपयोगी पडेल. पुण्यात, नागपुरात त्याची काळजी करू नका.

मोठा जवळ बसला असेल तर त्याचा खांदा एकदा निवांत बघा. पंखाचा अगदी वरचा भाग चॉकलेटी, त्याखाली काळा पट्टा, मग निळा. मी कित्येक वर्षं तो काळा पट्टा पाहिलाच नव्हता. पावसाने भिजून पिसं झटकत बसलेला एक जण आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर सापडला, तेव्हा दिसला.

तिसरी पायरी: चोच, आणि नर-मादी

मोठ्याची चोच लालभडक, जाड, गावठी गाजरासारखी. नर-मादी सारखेच, बाहेरून ओळखता येत नाहीत. उगाच ‘ही मादी’ असं लिहू नका.

छोट्याची चोच बारीक, टोकदार, सुरीसारखी. नराची सगळी काळी. मादीच्या चोचीचा खालचा भाग नारिंगी-लाल. पक्षीनिरीक्षकांत चेष्टेने म्हणतात की मादीने लिपस्टिक लावली आहे, आणि चेष्टा असली तरी ही खूण आयुष्यभर विसरत नाही. दोन पक्षी एका काठावर दिसले तर आधी चोची बघा. हिवाळ्यात छोटे खंड्या एकएकटे, आपापल्या हद्दीत असतात आणि दुसऱ्याला हाकलून लावतात, तेव्हा दोन काळ्या चोची जवळजवळ आल्या तर भांडण बघायला मिळेल.

पाय दोघांचेही लाल आणि इतके आखूड की बसलेला पक्षी फांदीला चिकटवल्यासारखा वाटतो. पुढची बोटं काही अंतरापर्यंत एकमेकांना जुळलेली असतात. बीळ खणताना माती मागे लोटायला असा पाय बरा.

चौथी पायरी: बसतो कुठे, खातो काय

इथे जरा थांबू, कारण खरी ओळख इथे आहे. वरच्या तिन्ही पायऱ्या पक्षी नीट दिसला तरच कामाच्या. ही पायरी पक्षी धड न दिसताही चालते.

छोटा खंड्या पाण्याशिवाय राहत नाही. त्याचं दुकानच पाण्यावर आहे: बारके मासे, बेडकाची पिल्लं, पाण्यातले किडे. तो पाण्यापासून हात-दोन हात उंचीवर बसतो. झुकलेली फांदी, पाण्यात रोवलेली काठी, वाकलेलं पातं, कोळ्याने बांधलेल्या होडीचा काठ. बसल्या बसल्या मान वर-खाली करतो. बघणाऱ्याला वाटतं, हो-हो म्हणतोय. तो खोलीचा अंदाज घेत असतो, कारण पाण्यात मासा दिसतो तिथे नसतो. मग एकदम सूर. बुडताना डोळ्यावर पारदर्शक तिसरी पापणी येते. क्षणात वर, चोचीत मासा आडवा धरलेला, आणि पुन्हा त्याच काठीवर.

पुढचं बघायला दुर्बीण खाली घेऊ नका. मासा शेपटीकडून पकडतो आणि फांदीवर आपटतो. एकदा, दोनदा, पाच-सहादा, डावीकडे-उजवीकडे. मग चोचीतल्या चोचीत फिरवून डोकं आत, शेपटी बाहेर असा करतो आणि गिळतो. शेपटीकडून गिळला तर खवले आणि काटे उलटे घशात अडकतील. पण मासा उलटा, म्हणजे डोकं बाहेर ठेवून धरलेला दिसला, तर समजा की तो स्वतः खाणार नाही. पिल्लांना किंवा लग्नाच्या बोलणीत मादीला भरवायला नेतोय. उन्हाळ्यात हे दृश्य मिळालं तर तो कुठे जातो ते लांबून बघा, जवळच बीळ असणार.

मोठ्या खंड्याला पाण्याची एवढी गरज नाही. ही गोष्ट नवख्यांना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. नावात ‘फिशर’ आहे ना! पण तो ज्या शाखेतला आहे ते मुळात झाडांवरचे खंड्या, जमिनीकडे बघून शिकार करणारे. तो मासा खातो, खेकडा खातो, पण त्याहून जास्त नाकतोडे, सरडे, पाली, गोम, बेडूक, गांडुळं. उंदराचं पिल्लू मिळालं तर तेही. कधी एखादा लहान पक्षी. म्हणून तो आंब्याच्या बागेत असतो, उसाच्या बांधावर असतो, शाळेच्या मैदानाच्या गोलपोस्टवर असतो, आणि पाण्यापासून किलोमीटरभर लांब विजेच्या तारेवर खुशाल बसलेला असतो.

आमच्या पार्किंगमध्ये एकदा एका खंड्याने सरडा आणला. स्कूटरच्या आरशावर बसला आणि आरशाच्या दांड्यावर त्याला आपटायला लागला. टप्, टप्, टप्. सरडा केव्हाच मेला होता, पण आपटणं थांबेना. वॉचमन बाहेर आले, मी गॅलरीत आलो, शेजारच्या आजी म्हणाल्या, ‘धुणं धुतंय जसं काही.’ हाडं मोडून सरडा दोरीसारखा मऊ झाला तेव्हा त्याने डोकं पुढे करून तो आत सरकवला. शेपटी बराच वेळ चोचीबाहेर लोंबत राहिली. स्कूटरवाल्याने नंतर आरसा पुसला, काय झालं हे त्याला कुणी सांगितलं नाही.

तेव्हा नियम असा. पाणी नाही आणि खंड्या आहे, तर तो मोठा. पाण्यालगत आणि अगदी खाली बसला आहे, तर बहुतेक छोटा. पाण्यालगत पण उंच, तारेवर किंवा बंधाऱ्याच्या खांबावर, तर बहुतेक मोठा. ‘बहुतेक’ हा शब्द गाळू नका. मोठाही कधी पाण्याजवळ खाली येतो, सूर मारून मासाही उचलतो. त्या वेळी पुन्हा दुसरी पायरी: पोट.

बसायच्या जागेखाली जमिनीवर शोधलंत तर आणखी एक पुरावा मिळतो. न पचलेले अवशेष दोघेही गोळीच्या रूपात ओकून टाकतात. छोट्याची गोळी माशांच्या बारीक काट्यांची, हात लावताच भुगा होणारी. मोठ्याच्या गोळीत भुंग्यांचे चमकते पंख, नाकतोड्यांचे पाय, कधी बारीक हाडं. काडीने उकला, हाताने नको.

पाचवी पायरी: कान उघडे ठेवा

मोठा खंड्या गळा काढून ओरडणारा. पहाटे उंच झाडाच्या शेंड्यावर किंवा टॉवरवर बसून ‘कि-लि-लि-लि-लि’ असं लांबलचक, वरून खाली घसरत जाणारं खिंकाळणं लावतो. किलकिल्या हे नाव त्यावरूनच पडलं असावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये विणीच्या दिवसांत तर घड्याळाचा गजर नको वाटेल इतका नेमाने. शहरात राहणाऱ्या हजारो लोकांनी हा आवाज रोज ऐकलेला असतो, पक्षी मात्र पाहिलेला नसतो. तो तुमच्या झोपेच्या वेळी चौथ्या मजल्याच्या वर असतो.

छोटा कमी बोलतो. उडता उडता ‘ची... ची-ची’ अशी बारीक, टोचणारी शिट्टी. सायकलच्या ब्रेकसारखी. ती ऐकू आली की पाण्याच्या पृष्ठभागाकडे बघा, आकाशाकडे नको. एक सेकंदात निळी रेघ निघून जाईल.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. हद्द राखणारा पक्षी आपली शिकार, आपली पिल्लं टाकून नसलेल्या शत्रूला शोधत बसतो. मर्लिनसारखं अ‍ॅप आवाज ओळखायला वापरा, तेवढंच.

उडताना

सरावाने ही सगळ्यात सोपी खूण होते. छोटा पाण्याला लागून, सरळ रेषेत, पंख इतके भरभर की दिसतच नाहीत. मागून बघितलं तर पाठीच्या मधोमध मानेपासून शेपटीपर्यंत फिकट निळी चमकती पट्टी. मोठा जरा उंचावरून, जोरकस पंख मारत जातो, आणि पंख उघडले की दोन्ही पंखांत मोठे पांढरे चौकोन उघडतात, टोकं काळी. पांढरा चौकोन दिसला म्हणजे मोठा. वाद संपला.

बिळं आणि विहिरी

घरटं दोघांचंही जमिनीत. नर-मादी दोघं मिळून मातीच्या उभ्या कड्यात चोचीने बीळ खणतात, हात-दीड हात ते जवळजवळ मीटरभर. टोकाशी छोटी खोली. काड्या-गवत काही नाही, नुसत्या जमिनीवर पांढरी गोल अंडी. अंधारात अंड्यावर ठिपके काढून लपवायची गरज काय!

मोठा नाल्याचा काठ, रस्त्यासाठी कापलेली दरड, घर बांधायला खणलेला खड्डा, विहिरीची कच्ची भिंत, काहीही चालवून घेतो. मार्च ते जुलै हा त्याचा मुख्य काळ. छोटा बहुधा पाण्याच्या काठाची दरड धरतो. त्याच्या बिळाच्या तोंडातून पांढरी विष्ठा ओघळलेली दिसते आणि माशाचा कुजका वास येतो. आईबाप बिळातून बाहेर पडले की आधी पाण्यात बुचकळी मारतात, हे बघायला गंमत वाटते, पण आतलं चित्र कसं असेल याची कल्पना येते.

बीळ सापडलं तर मागे फिरा. पन्नास-साठ पावलं लांब, झाडाआड बसा. बिळासमोर उभं राहिलात तर चोचीत मासा धरलेला पक्षी समोरच्या फांदीवर ताटकळत बसतो, आत पिल्लं उपाशी. फोटोसाठी बिळासमोर काठी रोवणं, तोंड मोठं करणं, टॉर्च मारणं हे तर नकोच. घरटी आणि अंडी यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. विहिरीच्या काठावरून वाकून बघायचा मोहही आवरा, पक्ष्यासाठी आणि स्वतःसाठीही.

पावसाळ्यात ओढे गढूळ झाले की पाण्यात काही दिसत नाही, आणि छोट्याची पंचाईत होते. माझ्या नेहमीच्या बंधाऱ्यावरून तो जुलैत गायब होतो आणि पाणी निवळलं की दसऱ्याच्या सुमारास परत हजर. मोठ्याचं काही अडत नाही. त्याला तर बेडूक आणि गांडुळांची दिवाळी.

यांच्यात मिसळणारे बाकीचे

तारेवर बसलेला चास, म्हणजे नीलकंठ, लांबून खंड्या वाटतो, विशेषतः दसऱ्याला त्याचं दर्शन घ्यायला निघालेल्यांना. उडाला की गडद आणि फिकट निळ्या पट्ट्यांचे पंख नवख्यांना आणखी गोंधळात टाकतात. चोच बघा. चासाची चोच काळपट, कावळ्याच्या घाटाची, लहान. मोठ्या खंड्याची लाल, लांब.

कोकणात खाडीकाठी काळी टोपी घातलेला, जांभळट निळा खंड्या दिसेल. त्याचीही चोच लाल, गळा पांढरा, पण डोकं चॉकलेटी नाही. कवड्या धीवर ऊर्फ बंड्या काळा-पांढरा आहे आणि पाण्यावर एका जागी पंख फडफडवत तरंगतो, तो कुणालाच चुकत नाही. आणि जून-जुलैत कर्नाळ्याच्या ओढ्यांजवळ पिवळा-जांभळा, बोटभर वाटणारा तिबोटी खंड्या बघायला दुर्बीणवाल्यांची गर्दी होते. रायगडचा जिल्हा पक्षी आहे तो. त्याच्या गर्दीत सामील व्हायच्या आधी हे दोघे पक्के करा, एवढाच माझा आग्रह.

पहिल्या आठवड्याचा अभ्यास

एक बंधारा किंवा तळं निवडा. रोज एकाच जागी तासभर बसा, फिरू नका. वहीत पाच गोष्टी लिहायच्या, त्याही पक्षी उडून गेल्यावर लगेच, घरी जाऊन नव्हे: कशावर बसला होता आणि पाण्यापासून किती उंच, पोटाचा रंग, चोचीचा रंग (खालच्या भागाचा वेगळा लिहायचा), काय खाल्लं, आवाज. नाव सगळ्यात शेवटी. नाव आधी लिहिलं की डोळे तेच बघायला लागतात. माझ्या जुन्या वहीत ‘खंड्या, पोट तपकिरी’ अशी एक नोंद आहे, आणि पुढेच ‘पाण्याला लागून, बारीक काळी चोच’. पोट मी पाहिलंच नव्हतं, नावावरून भरून टाकलं होतं.

आठवड्यात एक-दोनदा असं होईल की पाण्यावरून नुसती निळी रेघ जाईल, शिट्टी ऐकू येणार नाही, पोट दिसणार नाही. बरोबरचे लोक म्हणतील, ‘लिही ना छोटा खंड्या, दुसरं काय असणार?’ तेव्हा वहीत ‘खंड्या, जात कळली नाही’ असं लिहा. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही अशा नोंदीसाठी सोय आहे. माझ्या वहीत अशा नोंदी अजून पडतात. मागच्याच महिन्यातली एक आहे: ‘कवडीपाट, सकाळी 7.10, निळं काहीतरी, बंधाऱ्याच्या पलीकडे.’